नगरसेविकेला आलेली चार पत्रं

मंदाकिनी देवपुजारी पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिली तेव्हा तिला एकच भीती होती, कुत्र्यांची. २०१६ सालचा सप्टेंबर होता. कॅनडातल्या रेजिनात झाडं पिवळी पडायला लागली होती आणि आम्ही दोघी हातात मतदारांची यादी घेऊन दारोदार फिरत होतो. बेल ती वाजवायची. आतून भुंकणं ऐकू आलं की दोन पावलं मागे सरकून मला पुढे करायची. मी सांगलीची, आमच्याकडे कायम दोन-तीन कुत्री असत, म्हणून हे काम माझं. दार उघडलं, कुत्रं आवरलं गेलं, की मग ती पुढे होऊन आपलं नाव सांगायची. मंदाकिनी हे नाव इथल्या लोकांच्या जिभेला जड जायचं, म्हणून तिच्या प्रचाराच्या पाट्यांवर ‘मँडी’ असं छापलं होतं. मी मात्र तिला मंदाच म्हणायचे.

ती मूळची नागपूरची. २००१ मध्ये नवऱ्याबरोबर, मिलिंदबरोबर इथे आली. मिलिंदला प्रांत सरकारच्या रस्ते खात्यात इंजिनियरची नोकरी मिळाली. मंदाने इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि एका वृद्धाश्रमात डायटिशियन म्हणून लागली. ईशिता, त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मली.

राजकारणात ती आली बसमुळे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या बायका संध्याकाळची शिफ्ट संपवून उणे तीसमध्ये चाळीस-चाळीस मिनिटं बसस्टॉपवर उभ्या राहायच्या. एकीच्या बोटांना हिमदंश झाला. मंदा नगर परिषदेच्या सभेत गेली, नागरिकांना मिळतात तेवढी पाच मिनिटं मागून घेतली, आणि कागदावर लिहून नेलेलं सगळं वाचून दाखवलं. सात महिने पाठपुरावा केल्यावर संध्याकाळची एक बस वाढली. त्यानंतर लोकच म्हणू लागले की पुढच्या वेळी तूच उभी राहा. ती राहिली आणि त्र्याऐंशी मतांनी निवडून आली.

त्या निवडणुकीत आमच्याबरोबर लॉइड होता. साठी उलटलेला, तेलशुद्धीकरण कारखान्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको आयरीन मंदाच्या वृद्धाश्रमात होती. आयरीनला घास गिळता येईनासा झाला, तेव्हा तिला काय चालेल, किती घट्ट चालेल, हे मंदाने महिनाभर रोज बसून शोधून काढलं होतं. लॉइड ते विसरला नाही. आपला पिकअप ट्रक आणि हातोडा घेऊन तो यायचा आणि वॉर्डभर मंदाच्या पाट्या ठोकायचा. २०२० च्या निवडणुकीत नोव्हेंबरमध्येच जमीन गोठली होती, तरी त्याने लोखंडी सळईने आधी भोकं पाडून पाट्या रोवल्या. पाट्या मंदाच्या गॅरेजमध्ये असत. तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायचा, उभ्यानेच कॉफी प्यायचा आणि जायचा. दुसऱ्यांदा ती सातशे मतांनी जिंकली.

मग २०२२ ची, नगर परिषदेची हिवाळ्यापूर्वीची सभा आली. आमच्या वॉर्डात कर्लिंगचा एक जुना हॉल होता. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा इथला खेळ. हॉल चार वर्षं बंद होता. त्यात बेघर लोकांसाठी हिवाळी निवारा करावा असा प्रस्ताव आला आणि वॉर्ड पेटला. शाळेच्या व्यायामशाळेत लोकांची बैठक झाली. मी मागे बसले होते. लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते. एक बाई रडत म्हणाली की माझी मुलं त्या रस्त्याने शाळेत जातात. मंदा दोन तास एकटी समोर उभी राहिली आणि तिने सगळं लिहून घेतलं. लॉइडने त्या आठवड्यात तिला तीनदा फोन केला होता. तिने निरोप ऐकले, उलट फोन करायचं राहून गेलं. तिने निवाऱ्याच्या बाजूने मत दिलं आणि प्रस्ताव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

पहिलं पत्र दोन आठवड्यांनी आलं. साधा पांढरा लिफाफा, आत मोठ्या अक्षरांत टाइप केलेल्या दोन ओळी. तू आम्हाला विकलंस, आम्ही विसरणार नाही, असा अर्थ. असली पत्रं नगरसेवकांना येतात. मंदाने ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

दुसरं पत्र डिसेंबरमध्ये आलं. त्यात निवाऱ्याचा उल्लेख नव्हता. एवढंच लिहिलं होतं की तुझी मुलगी मंगळवारी आणि गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांच्या बसने घरी येते, बसमधून उतरल्यावर ती कानात हेडफोन घालून चालते.

ते वाचून मंदा स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसली. तिने मिलिंदला ऑफिसमध्ये फोन केला, मिलिंदने पोलिसांना. एक पोलीस अधिकारी बाई आली. शांतपणे सगळं ऐकलं, पत्रं पिशवीत घालून नेली. घराला कॅमेरे लावा, रोजचे रस्ते बदला, कुठे जाताय ते आधी ऑनलाइन टाकू नका, असं तिने समजावून सांगितलं. तिने आपलं काम नीट केलं. पण ती निघून गेल्यावर घरात तीन माणसं आणि चार कॅमेरे राहिले.

ईशिता तेव्हा सोळा वर्षांची होती. मिलिंद तिला शाळेत सोडू-आणू लागला. हेडफोन घालायचे नाहीत असं तिला सांगितलं. ती म्हणाली, “आय डिड नथिंग, आई. का मला पनिशमेंट?”

तिसरं पत्र जानेवारीत आलं. एकच ओळ होती. रिंग रोडवर बर्फ असतो, सांभाळून चालव.

त्यानंतर आठ दिवसांनी मी तिच्या गाडीत होते. शनिवारची सकाळ, उणे चौतीस. एका म्हाताऱ्या मतदाराच्या घराच्या छतातून पाणी गळत होतं, ते बघायला आम्ही निघालो होतो. रिंग रोडला लागलो आणि पुढच्या डाव्या चाकातून धप्पधप्प असा आवाज यायला लागला. आधी वाटलं की थंडीने टायर चपटे होतात, तसं काही असेल. मग स्टिअरिंग तिच्या हातात थरथरायला लागलं. मंदाने हळूहळू वेग कमी केला, हॅझर्ड लाइट लावले, गाडी कडेला घेतली. आम्ही उतरून बघितलं. चाकाचे पाच नट असतात, त्यातले तीन नव्हतेच. उरलेले दोन हाताने फिरत होते.

बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती. मंदा चाकासमोर उकिडवी बसून राहिली. ग्लव्ह काढलेला हात तिने त्या दोन नटांवर तसाच ठेवला होता. मी तिला ओढून आत बसवलं, नाहीतर बोटं गेली असती. टो ट्रक येईपर्यंत पन्नास मिनिटं आम्ही आतून दारं लॉक करून बसलो. एक गाडी आमच्या मागे येऊन थांबली. त्यातला माणूस उतरला, काच ठोठावून मदत हवी का म्हणून विचारू लागला. भला माणूस होता. पण आम्ही दोघीही काच खाली करू शकलो नाही. हातानेच नको नको म्हणत राहिलो.

मेकॅनिकने चाक बघितलं आणि विचारलं की बर्फासाठीचे विंटर टायर कुणी बदलून घातले. मिलिंदने घातले होते, घरीच, नोव्हेंबरमध्ये. मग त्याने विचारलं की शंभरएक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळले होते का. तसं करावं लागतं, नाहीतर ते आपोआपही सैल होऊ शकतात. मिलिंदला आठवेना. दरवर्षी करतो, म्हणजे केलंच असेल, असं तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की नक्की सांगता येत नाही. नट कुणी मुद्दाम काढले की आपोआप पडले, ते पोलिसांनाही ठरवता आलं नाही.

त्या दिवसापासून त्या घराचं काहीतरी बिघडलं. कुणीतरी आपल्या बायकोला मारायला निघालंय, की आपल्याच हातून ती मरता मरता वाचली, या दोन्हींतलं खरं काय ते मिलिंदला कळत नव्हतं, आणि तो गप्प झाला. मंदाला तो गप्प का ते कळत होतं, पण त्याला धीर द्यायला तिच्यात जोर उरला नव्हता. जेवताना टीव्ही लावून ठेवायचे, म्हणजे बोलावं लागायचं नाही.

आणि मी काय केलं, तेही सांगायला हवं. मी तिच्याबरोबर जाणं थांबवलं. कधी सुनेकडे जायचंय, कधी पाठ दुखतेय. तिला कळत होतं. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही.

चौथं पत्र फेब्रुवारीत आलं. त्यात लिहिलं होतं की तुमच्या कॅमेऱ्यांचा उपयोग नाही. तुमचं मागचं दार थंडीत अडकतं, खालून पायाने जोर दिल्याशिवाय लागत नाही, आणि निम्म्या वेळा तुम्ही ते तसंच सोडता.

ते पत्र आलं त्या संध्याकाळी मंदाने मला घरी बोलावलं. चहा केला. मी पत्र वाचत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. आमची वीस वर्षांची मैत्री, पण तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी हातातला कागद खाली ठेवला, तेव्हा मला उमगलं. मागच्या दाराचं कोणाला माहीत होतं? घरच्यांना. आणि मला. मी कित्येकदा त्या दाराला पायाने ढकललं होतं.

“मंदा,” मी म्हटलं, “तू मला विचारून राहिली आहेस का?”

तिच्या नागपुरी बोलण्यातलं ‘राहिली’ माझ्याही तोंडात बसलं होतं. ती रडायला लागली. म्हणाली, “मी कोणाकोणावर संशय घेऊन राहिली, मलाच समजत नाही. काल मिलिंदवर घेतला. त्याचा फोन पाहिला मी.”

मी रागावून उठायला हवं होतं, पण मला राग आला नाही. मला तिच्या जागी बसल्यासारखी भीती वाटली. मी तिथेच बसून राहिले आणि आम्ही दोघी मिळून आठवायला लागलो की त्या दाराने हिवाळ्यात आणखी कोण आलं होतं. प्लंबर उन्हाळ्यात आला होता. शेजारी पुढच्या दाराने येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये पाट्या न्यायला...

दोघींनी नाव एकदमच घेतलं असेल. मंदा म्हणाली, “नाही. लॉइड नाही.” आणि लगेच फोन उचलून तिने त्या पोलीस अधिकारी बाईला सांगितलं.

लॉइडने काहीच लपवलं नाही. पोलीस त्याच्या दारात गेले तेव्हा त्याने त्यांना आत घेतलं, टाइप करायचं जुनं मशीन दाखवलं आणि स्वतःच कोट चढवला. तीस वर्षं तो आणि आयरीन त्या हॉलमध्ये दर गुरुवारी खेळले होते. हॉल बंद पडल्यावरही तो कधीतरी पुन्हा उघडेल या आशेने त्याने सह्या गोळा केल्या होत्या. आयरीन आता त्याला ओळखत नव्हती. मंदा निदान तो हॉल तरी वाचवेल असं त्याला वाटलं होतं आणि तिने फोनही उचलला नाही. हे सगळं त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं. लॉइडने पत्रांचा गुन्हा कबूल केला. कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवलं नाही. दोन वर्षं देखरेखीखाली राहायचं, मंदाच्या, ईशिताच्या आणि त्यांच्या घराच्या आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम दिला.

मी त्या दिवशी तिच्याबरोबर कोर्टात गेले होते. लॉइड केवढा लहान दिसत होता. न्यायाधीशांनी काही बोलायचंय का विचारल्यावर तो उभा राहिला आणि मंदाकडे न बघता म्हणाला, “पत्रं मी लिहिली. त्याची मला लाज वाटते. पण गाडीला मी हात लावलेला नाही.”

बाहेर आल्यावर मंदाने मला विचारलं, “खरं बोलत असेल?” मला वाटलं की हो. पण मी सांगितलं, “माहीत नाही.” आणि मिलिंद, जो आमच्या मागे दोन पावलांवर होता, तो पार्किंगमध्ये पोचल्यावर गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकला.

माणूस सापडला की भीती संपेल असं आम्हाला वाटलं होतं. उलट झालं. अनोळखी माणसाला घाबरत होती तोवर मंदाला ओळखीची माणसं तरी होती. आता वॉर्डात कुणी हसून हात पुढे केला तरी ती एक पाऊल मागे सरकायची. सभांना जायची, मत द्यायची, प्रश्न मांडायची, सगळं नीट. निवारा चालू झाला, त्याच्या तक्रारी आल्या, त्याही तिने निस्तरल्या. पण पाठ भिंतीला टेकवूनच बसायची.

२०२४ च्या सुरुवातीला एका पक्षाने तिला प्रांताच्या विधानसभेसाठी उभं राहायला विचारलं. तिने नाही म्हटलं. मिलिंदने सुटकेचा निःश्वास टाकला. तो म्हणाला की आठ वर्षं पुरे झाली, तू परत डायटिशियन हो, आपण तिघं सुखाने राहू. तिलाही ते पटलं होतं.

महिन्याभराने ती ग्रोसरीला गेली होती. भरलेली कार्ट घेऊन बिलाच्या रांगेत उभी असताना मागे एक उंच माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात फक्त दुधाचा कॅन होता. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. मंदा कार्ट तिथेच सोडून बाहेर आली आणि गाडीत बसली. मग तिच्या लक्षात आलं की गेल्या तीन महिन्यांत अशी सोडून दिलेली ही तिसरी कार्ट. घरी दूध नव्हतं, कणीक नव्हती, आणि नगरसेविका गाडीत दार लावून बसली होती.

तिथूनच तिने पक्षाच्या माणसाला फोन केला आणि हो म्हटलं. मग मिलिंदला.

“तू वेडी झाली आहेस,” मिलिंद म्हणाला.

“असेन,” ती म्हणाली. “पण घरी बसून जर एवढी भीती वाटणार असेल, तर घरी बसून मिळतं काय मला?”

ते दोघं आठवडाभर भांडले. खूप दिवसांनी मोठ्या आवाजात भांडले, टीव्ही बंद करून. त्या भांडणातच केव्हातरी मिलिंदने कबूल केलं की नट पुन्हा आवळल्याचं त्याला खरंच आठवत नाही, आणि सव्वा वर्ष तो रोज ते आठवायचा प्रयत्न करतोय. मंदाने सांगितलं की तिने त्याला कधीच माफ केलंय. तो म्हणाला की माफ नको करूस, ती टोचणी तरी माझ्याकडे राहू दे. हे मला मंदाने सांगितलं, आणि ते ऐकताना मला त्या माणसाची पहिल्यांदा खरी ओळख झाली.

प्रचाराचे नियम मिलिंदने लिहून फ्रिजवर लावले. एकटीने दार वाजवायचं नाही. कुणाच्याही घरात पाऊल टाकायचं नाही. गाडी नेहमी बाहेर पडायच्या दिशेने लावायची. अंधार पडायच्या आत परत. प्रत्येक फेरीला दोन स्वयंसेवक तिच्याबरोबर असायचे. अठरा वर्षांची ईशिता शुक्रवारी कॉलेज संपलं की यायची आणि आईच्या अर्धं पाऊल पुढे चालायची. शेवटच्या शनिवारी मी गेले. सकाळी पहिला बर्फ पडून गेला होता. मला बघून मंदाने यादीतला अर्धा कागद फाडून माझ्या हातात दिला.

एका दारामागे कुत्रं भुंकलं. मी सवयीने पुढे झाले, तर ती आधीच पायरीवर उभी होती. कुत्र्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती दार उघडणाऱ्या माणसाचे हात बघत होती.

ती दोनशे अकरा मतांनी निवडून आली. तिचा पक्ष विरोधी बाकांवर बसला. शपथविधीला आम्ही सगळे विधानभवनात गेलो, बाहेर तळं गोठलेलं होतं. संगमरवरी जिन्यावर कुटुंबाचा फोटो काढला. मंदाने आईची जांभळी पैठणी नेसली होती. फोटोत ती आणि ईशिता कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. मिलिंद खाली जमलेल्या गर्दीकडे बघतोय.

आता ती तिच्या कचेरीत आठवड्यातून दोन दिवस लोकांना भेटते. तिची मदतनीस अनन्या दाराशी बसते. तिच्या टेबलाखाली एक बटण आहे, दाबलं की पोलिसांना कळतं. मार्चमध्ये मी तिथे डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक माणूस आत आला. धिप्पाड, जाडजूड कोट, चेहरा लाल. आल्या आल्या ओरडायलाच लागला. त्याच्या आईचं कंबरेचं ऑपरेशन चौदा महिने लांबत चाललं होतं, कुणी फोन घेत नव्हतं, तुम्ही सगळे सारखेच, वगैरे. त्याने टेबलावर हात आपटला. अनन्याचा हात बटणाकडे गेला.

मी मंदाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने अनन्याला मानेनेच थांबवलं. मग खुर्ची थोडी मागे, दाराच्या बाजूला सरकवली, वही उघडली आणि इंग्रजीत म्हणाली, “बसा. आईचं नाव काय?”

त्या माणसाने टेबलावरचा हात काढला. मग तो बसला आणि त्याने नाव सांगितलं. आडनाव अवघड होतं. मंदाने त्याला स्पेलिंग विचारलं आणि एकेक अक्षर लिहून घेतलं. पेन हलत होतं, म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं.